नाताळचं कार्ड: छापील ओळ की हाताने दोन ओळी?

कॅम्पात एमजी रोडवरून आणलेल्या कार्डात निम्मं काम झालेलंच असतं. आत इंग्रजी शुभेच्छा छापलेली, आपण खाली फक्त सही ठोकायची. सोय जुनीच. 1843 साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी पहिलं व्यावसायिक नाताळकार्ड छापून घेतलं, ते पत्रांचा ढीग उपसायला वेळ नव्हता म्हणून. त्यावरही नाताळ आणि नव्या वर्षाच्या शुभेच्छांची एकच ओळ होती. ऑफिसातले साहेब, सोसायटीचे सेक्रेटरी यांना एवढं पुरतं. तिथे जवळीक दाखवायला गेलं की दोघंही अवघडतात.

पण ज्यांच्याकडे दिवाळीत आपलं फराळाचं ताट जातं आणि नाताळात ज्यांच्याकडून केक येतो, त्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना नुसती सही? गेल्या वर्षी मी तेच केलं. काकूंच्या टीव्हीवर माझं कार्ड सगळ्यांच्या मागे उभं होतं. (मुद्दाम नसेल. पण दिसलं.)

यंदा काका नाहीत. अशा घरात छापलेलं ‘मेरी ख्रिसमस’ टोचतं; ‘मेरी’ म्हणजे आनंदी ना! म्हणून कोरं कार्ड घेतलं आणि लिहिलं, ‘काकू, काकांची आठवण येतेय. मध्यरात्रीच्या मिस्साहून आलात की बेल वाजवा, मी जागीच असेन.’ ‘देव तुम्हाला शक्ती देवो’ खोडलं, तेही छापीलच वाटत होतं.

आणि हो, चकचकीत कागदावर शाईपेन नको. पहिलं कार्ड तळहाताने पुसून वाया घालवलंय.