ब्रँड्स हॅचला बीटीसीसी: तीन रेस, एक डबा आणि न आलेली होंडा

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कुठे कापला ते पुढे येईलच.

आधी हे काय प्रकरण आहे ते, कारण आपल्या मराठी ग्रुपवर रेसिंग म्हटलं की सगळे डायरेक्ट फॉर्म्युला वनवरच जातात. बीटीसीसी म्हणजे ब्रिटिश टूरिंग कार चॅम्पियनशिप. ह्यात धावतात त्या गाड्या दिसायला साध्या, २०१९ ला होत्या त्या होंडा सिव्हिक, फोर्ड फोकस, टोयोटा कोरोला, बीएमडब्ल्यू थ्री सिरीज, म्हणजे सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या असतात त्याच, फक्त आतून सगळं काढून टाकलेलं, ड्रायव्हरला वाचवायला लोखंडी पिंजरा बसवलेला आणि दोन लिटरचं टर्बो इंजिन तीनशेच्या वर हॉर्सपॉवर काढणारं. आणि एकमेकांना घासत, ढकलत, आरसे तोडत जातात. एफवनमध्ये टायरला टायर लागला की चौकशी बसते, इथे दार चेपलं नसेल तर ड्रायव्हरने दिवसभर केलं काय असं वाटतं.

मी पहिल्यांदा गेलो १३ ऑक्टोबर २०१९ ला, सीझनचा शेवटचा दिवस, ब्रँड्स हॅचचा रेस ट्रॅक, इंग्लंडमधल्या केंटमध्ये. लंडनभोवतीच्या एम२५ हायवेवरून उतरलं की ए२० ला लागूनच आहे, ट्रेनने जायचं तर स्वॉनली स्टेशन आणि तिथून टॅक्सी. ऑफिसमधल्या एकाने गळ घातली म्हणून गेलो, मुलाला बरोबर घेतलं, बायकोने थालीपीठं आणि चहाचा थर्मास दिला, आणि त्या थर्मासमुळेच दिवस निभावला हे आधीच सांगतो. कारण खाण्याच्या गाडीवर मी जो बर्गर घेतला (नाव घेत नाही, आता ती गाडी तिथे असेल नसेल) तो आतून गार होता, रांग पाऊण तासाची, आणि तेवढ्यात एक आख्खी सपोर्ट रेस (मधल्या वेळात होते ती दुसऱ्या गाड्यांची) निघून गेली. अर्धा स्टार इथे गेला. डबा न्या, मंडळी.

आता फॉर्मॅट, २०१९ ला होता तो, कारण खरी मजा तिथे आहे. शनिवारी क्वालिफाइंग (म्हणजे कोण पुढे उभं राहणार ते वेळेवरून ठरवायचं), रविवारी तीन रेस, प्रत्येक वीस-पंचवीस मिनिटांची. पहिल्या रेसला क्वालिफाइंगच्या नंबराप्रमाणे उभं राहायचं, दुसऱ्या रेसला पहिल्या रेसच्या निकालाप्रमाणे, आणि तिसऱ्या रेसला वरच्या काही जणांची रांग उलटी करायचे, किती जणांची ते चिठ्ठी काढून ठरायचं. म्हणजे दुपारी जिंकलेला माणूस संध्याकाळी पाच-दहा गाड्यांच्या मागे. पॉइंट पहिल्याला २०, मग १७, १५ असं उतरत पंधराव्यालासुद्धा १. त्यावर एखादी लॅप (ट्रॅकचा एक फेरा) लीड केली तर एक, फास्टेस्ट लॅपला एक. आणि वर जो जास्त जिंकेल त्याच्या गाडीत वजन टाकायचं, एकेकाळी ७५ किलोपर्यंत, म्हणजे शेजारच्या सीटवर एक धडधाकट काका बसवल्यासारखं. २०२२ ला हायब्रिड आलं तेव्हा वजनाच्या जागी पुढच्या माणसाची बॅटरीची मदत कापायला लागले, २०२४ नंतर हायब्रिडही गेलं, पण मूळ विचार तोच, जिंकलास ना, मग आता थोडं सोस.

खरं सांगू, मला हे ऐकून आधी रागच आला होता. हुशार पोराला परीक्षेत अर्धा तास कमी देण्यासारखं वाटलं. मुलाला तर अजिबात पटलं नाही. "बाबा, मग जिंकायचंच कशाला?" मी म्हटलं बघू तरी.

बघितलं ते असं. त्या दिवशी टायटलसाठी खरी चुरस तिघांत होती, बीएमडब्ल्यूचे कॉलिन टर्किंग्टन आणि अँड्र्यू जॉर्डन, आणि होंडाचा डॅन कॅमिश. दुसऱ्या रेसमध्ये मॅट नीलचा (म्हणजे कॅमिशच्याच टीममधला, स्वतः तीन वेळचा चॅम्पियन) धक्का लागून टर्किंग्टन गरकन फिरला आणि पार मागे फेकला गेला, त्यामुळे कॅमिश पॉइंटमध्ये पुढे. आता शेवटची रेस, टर्किंग्टन शेपटाला. आमच्या मागे बीएमडब्ल्यूची टोपी घातलेले एक आजोबा होते ते खुर्ची घडी करायला लागले. मग टर्किंग्टन एकेक गाडी ओलांडत वर यायला लागला, पॅडक हिल नावाच्या वळणाच्या उतारावरून नंबर पुढे पुढे, आजोबांनी खुर्ची परत उघडली.

इथे ट्रॅकचं सांगायला पाहिजे. ब्रँड्स हॅच म्हणजे मोठ्या वाटीसारखी जागा, कडेला बसलात की पॅडक हिल, वर ड्रूइड्सचं वळण, खालची सरळ पट्टी सगळं एका नजरेत. छोटा इंडी ट्रॅक जेमतेम १.९ किलोमीटरचा, तो पूर्ण दिसतो. पण ऑक्टोबरला मोठा ग्रां प्री ट्रॅक वापरतात, ३.९ किलोमीटर, आणि त्याचा उरलेला भाग मागे झाडीत जातो. गाड्या आत गेल्या की फक्त आवाज, आणि मग पलीकडून बाहेर येतात. तर शेवटून दुसरी लॅप, गाड्या जंगलात गेल्या, बाहेर आल्या, आणि होंडा आलीच नाही. स्पीकरवर कॉमेंटेटर ओरडतोय, आम्हाला अर्धं कळतंय अर्धं नाही, मुलगा माझा हात ओढून "काय झालं काय झालं". हॉथॉर्न्सच्या वळणावर कॅमिशचे ब्रेक गेले होते आणि गाडी थेट भिंतीत. माणूस सुखरूप, पण टायटल गेलं. टर्किंग्टन सहावा आला, एकूण ३२० पॉइंट, आणि जॉर्डन आणि कॅमिश दोघे ३१८. तीस रेसनंतर फरक दोनचा! नीट बघा, ज्या फॉर्मॅटला मी नावं ठेवत होतो त्याच्यामुळेच हे इतकं जवळ आलं होतं, कोणीच पळून जाऊ शकला नव्हता.

घरी येऊन मग जुनं वाचत बसलो तर कळलं की ह्यांचा हा आजार पहिल्यापासूनचा आहे. सिरीज १९५८ ला सुरू झाली, तेव्हा नाव ब्रिटिश सलून कार चॅम्पियनशिप, आत्ताचं नाव १९८७ चं. पहिल्याच सीझनला जॅक सिअर्स आणि टॉमी सॉपविथ यांचे पॉइंट सारखे झाले. मग ह्याच ब्रँड्स हॅचला दोन एकसारख्या रायली १.५ आणल्या, पाच लॅपची एक रेस, मग गाड्या अदलाबदल करून परत पाच लॅप, दोन्हीचा वेळ मिळवला, सिअर्स १.६ सेकंदाने जिंकला. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये बॅट कोणाची यावरून भांडण झालं की मिटवतात तसंच.

त्या काळात इंजिनच्या साइझप्रमाणे क्लास असायचे आणि पॉइंट क्लासमधल्या नंबरावर, म्हणून पुढे मोठी गाडी रेस जिंकायची आणि चॅम्पियन मागून येणारा छोट्या गाडीवाला व्हायचा. १९६१ ला मिनी, आणि १९७० ते ७२ सलग तीन वर्षं बिल मॅकगव्हर्न, हिलमन इम्पच्या भावंडातली ती चिमुकली सनबीम इम्प घेऊन. मला हे फार आवडलं, पण प्रेक्षकाची काय पंचाईत होत असेल, समोर जिंकतोय एक आणि कप दुसऱ्याच्या घरी. म्हणून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सगळ्यांना दोन लिटरचा एकच क्लास केला, आणि मग तो सुपर टूरिंगचा (ह्या दोन लिटरवाल्या गाड्यांचं नाव) जमाना, ज्यावर इथले पन्नाशीतले लोक अजून डोळे ओले करून बोलतात. १९९४ ला वोल्वोने चक्क ८५० इस्टेट उतरवली, मागे वऱ्हाडाचं सामान बसेल अशी लांब गाडी, रेसला! त्याच वर्षी अल्फा रोमिओ १५५ चे पंख नियमात बसतात का यावरून रुसवेफुगवे, ऑल्टन पार्कच्या ट्रॅकवरून अल्फा टीम निघूनच गेली, परत आली, आणि त्यांचाच ड्रायव्हर टार्क्विनी चॅम्पियन झाला. १९९६ ला ऑडी ए४ क्वाट्रो चारही चाकांच्या जोरावर सुटली तर तिच्यावर जादा वजन टाकलं. म्हणजे काकांना सीटवर बसवायची सवय जुनीच.

पैसा मात्र इतका जळायला लागला की २००० ला कंपन्यांच्या टीम फक्त तीन उरल्या, फोर्ड, होंडा, वॉक्सॉल, आणि फोर्डने पहिले तिन्ही नंबर घेऊन तिकडे गाशाच गुंडाळला. म्हणून २०११ पासून गिअरबॉक्स, ब्रेक, सबफ्रेम असे बरेच पार्ट सगळ्यांना सारखे दिले, खर्च उतरला, छोट्या खासगी टीम टिकल्या.

परत रिव्ह्यूवर येतो. तिकीट एफवनच्या मानाने अगदीच आवाक्यात, लहान मुलांना फुकट. पॅडकमध्ये, म्हणजे टीमच्या गाड्या उभ्या असतात तिथे, बिनधास्त फिरता येतं, ड्रायव्हर सह्या देतात, मुलाने एकाला त्याच्या चेपलेल्या दाराबद्दल विचारलं आणि तो हसून दार दाखवायला घेऊन गेला. टॉयलेट दुपारनंतर जपून. मैदानात पार्किंग, पाऊस झाला की चिखल, बाहेर पडायला आम्हाला तास लागला. फोल्डिंग खुर्ची, रेनकोट आणि मुलांच्या कानाला काहीतरी न्याच. तेव्हा आयटीव्ही ४ ह्या टीव्ही चॅनलवर दिवसभर फुकट दाखवायचे, पण ती जंगलातून न आलेली गाडी टीव्हीवर तशी नाही हो कळत.

मुलगा आता घरी कॅरममध्ये जिंकणाऱ्याला पुढचा बोर्ड डाव्या हाताने खेळायला लावतो. मी सध्या उजव्यानेच खेळतोय.