लायनर वाळता वाळत नाही: अकिलीस तुटल्यानंतर घेतलेलं रिलीज बाइंडिंग

वॉटरस्कीचा हा बूट (रिलीज बाइंडिंग, म्हणजे जोरात पडल्यावर स्कीवरून आपोआप सुटणारा) चांगला आहे, हे आधीच सांगतो, कारण पुढे बराच वेळ मी चिडलेला दिसेन. कालच विक्रेत्याचं उत्तर आलं: आतला लायनर, म्हणजे मऊ अस्तर, सुटा मिळत नाही, अख्खा बूट घ्या. म्हणजे उशीचा अभ्रा फाटला म्हणून पलंग बदला!

मी ऑर्लँडोजवळ राहतो, स्लॅलम करतो, म्हणजे बोटीमागे एकाच स्कीवर बॉयना (पाण्यात तरंगणाऱ्या खुणेच्या गोळ्यांना) वळसे घालत जातो. बोट ५५ किमीच्या वेगाने, सहाच्या सहा बॉय क्वचितच जमतात. पूर्वी दोन्ही पायांना रबरी बूट होते. एकदा स्कीचं टोक पाण्यात रुतलं आणि मी पुढे फेकला गेलो. मागचा पाय निघाला, पुढचा अडकला. टाच वर यायला बघतेय, रबर सोडत नाही, पोटरी आवळलेली, आणि सगळा हिसका टाचेमागच्या शिरेवर, म्हणजे अकिलीस टेंडनवर. इमर्जन्सीत डॉक्टरांनी पालथं झोपवून पोटऱ्या दाबल्या. चांगलं पाऊल हललं, दुसरं ढिम्म, म्हणजे शीर तुटलेली.

ऑपरेशन केलं नाही. नॉर्वेतल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले, त्यात वर्षभरानंतर दोन्हीकडच्या पेशंटांची स्थिती साधारण सारखीच होती. शीर पुन्हा तुटण्याचं प्रमाण मात्र ऑपरेशनवाल्यांत ०.६ टक्के, बाकीच्यांत ६.२. मग टाचेखाली पाचरी घातलेला वॉकर (पाय धरून ठेवणारा कडक बूट), हळूहळू एकेक पाचर कमी, मग फिजिओ. एका पायावर टाच उचलायला लागायचा तो काळ लागलाच. पण ते ६.२ डोक्यात जाऊन बसलं, आणि नेहमी सेलची वाट बघणाऱ्या माणसाने पूर्ण किमतीत हा हार्डशेल, म्हणजे कडक कवचाचा सुटणारा बूट, घेतला.

सुरुवातीला मत वाईट होतं. वेक (बोटीमागे उठणारी लाट) ओलांडताना, ऐन जोरात, बूट आपोआप सुटायचा. एवढे पैसे देऊन पाण्यात आपटायचं? मग बूट किती जोरावर सुटेल ते ठरवणारा स्क्रू पाव-पाव फेरा आवळत गेलो. किनाऱ्यावर कुणाला तरी स्की घट्ट धरायला लावायची, आपण पुढे झुकून टाच सुटते का बघायचं. रबरी बुटातून पाय निसटतो. यात पाय बुटातच राहतो आणि बूट स्कीवरून निघतो. तो निघालाच नाही तर कडक शेल रबरापेक्षा वाईट. म्हणून सेटिंग हलकं ठेवूनच वाढवायचं, आणि टाचेच्या खटक्यात वाळू अडकली नाही ना हे रोज बघायचं.

जूनमध्ये पुन्हा तसंच टोक रुतलं. खट्ट, आणि स्की माझ्यापासून लांब तरंगत होती. पायाला काही नाही. त्या दिवसापासून किमतीबद्दल बोलायचं बंद केलं (घरी तरी). मागच्या पायाला बूट नाही, नुसती टो प्लेट (पावलाचा पुढचा भाग सरकवायचा पट्टा) आहे, तिचंही श्रेय आहे. पुढचा बूट सुटला आणि मागचा पाय दुसऱ्या बुटात अडकलेला असला, तर स्की त्या एकाच घोट्याला पिळते. प्लेट बुटाच्या मानाने किरकोळ किमतीत येते. आधी तीच बदला.

आता लायनर. फ्लोरिडाच्या दमट हवेत तो वाळतच नाही. पंखा लावला, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, गाडीच्या डिकीत ठेवला (हे करू नका, गाडी विकावी लागेल). बायकोने त्याला गॅरेजबाहेर काढलंय. वासाचं एक वेळ सोसलं असतं, पण सतत ओला राहून टाचेजवळचा फोम दबलाय आणि लेस कितीही आवळली तरी टाच आत बोटभर उचलली जाते. खटका सुटायच्या आधीच शिरेला तेवढा ताण बसतो. माझ्या पायाला तो नेमका नकोय. सेफ्टी म्हणून विकलेल्या बुटाचा हा भाग सुटा न विकणं म्हणजे लुबाडणूक आहे.

तूर्तास टाचेमागे फोमची पट्टी चिकटवून काम चालवतोय, सेटिंग आणखी हलकं केलंय. पाचपैकी चार, लायनरला शून्य. कुणाकडे नऊ नंबरचा, न दबलेला लायनर पडून असेल तर कळवा, भावाचं बघू.