वीस रुपयांची लाल बाटली : चौदा महिने रोज पिऊन लिहितोय

पंचवटीच्या मार्केट यार्डातून वाशीला पालेभाजी नेतो. गाडी पिकअप, स्वतःची, हप्ते चालू आहेत. संध्याकाळचे लिलाव उरकले की मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या रचायच्या, वर ओलं गोणपाट, त्यावर ताडपत्री, आणि अकराच्या आत नाशिक सोडायचं. तीनला माल वाशीत उतरला पाहिजे. उशीर झाला की दर पडतो आणि व्यापाऱ्याचा फोन येतो तो वेगळाच.

ही लाल बाटली म्हणजे एनर्जी ड्रिंक, आमच्या लाइनीत सगळेच पितात. कंपनीचं नाव लिहीत नाही. दोन-तीन कंपन्यांचं पिऊन झालंय, आतला माल थोड्याफार फरकाने तोच. पाचपैकी दीड तारा देतोय. तोही ती जे सांगते ते अर्धा तास खरं करून दाखवते म्हणून.

चव खोकल्याच्या औषधात भरपूर साखर घातल्यासारखी. थंडगार असेल तर घशाखाली उतरते, केबिनमध्ये कोमट झाली की दाताला चिकटते. किंमत वीस रुपये, म्हणजे दोन कटिंगचे पैसे. टपरीवर उकळी यायची वाट बघावी लागत नाही, झाकण फिरवलं की झालं. आमच्यासारख्याला तिथेच ती पटते.

काम करते का? करते. घोटीला प्यायलो की इगतपुरीच्या धुक्यात डोळे ताठ असायचे. पहिले दोन महिने एका बाटलीत भागलं. मग दुसरी लागायला लागली, मग परतीला पडघ्याजवळ तिसरी. लेबल मी कधी वाचलंच नव्हतं. बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की दिवसाला ५०० मिलीपेक्षा जास्त पिऊ नये, लहान मुलांनी आणि गरोदर बायांनी घेऊ नये. म्हणजे २५० मिलीच्या दोनच बाटल्या. अन्नसुरक्षेच्या नियमात अशा पेयात लिटरमागे कॅफिन ३०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. त्या हिशोबाने एका बाटलीत फार तर ७५. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसभरात ४०० पर्यंत चालतं असं डॉक्टर मानतात. ऐकायला बरं वाटतं, पण मी त्यात दिवसाचे सहा-सात चहा धरलेच नव्हते.

चष्म्याचा नंबर काढायला गेलो तेव्हा डॉक्टर मॅडमनी बीपी बघितलं, १५०/९६. वय अडतीस. त्यांनी खुर्चीत बसवून समजावलं. माणूस जागा असतो तोवर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, ते आपल्या ठरलेल्या जागी जाऊन बसलं की जांभया सुरू होतात. कॅफिन त्या जागा आधीच अडवून बसतं. अ‍ॅडेनोसिन साठायचं थांबत नाही, त्याला फक्त बसायला जागा मिळत नाही. मी ते माझ्या पद्धतीने समजून घेतलं : डिझेल रिझर्व्हला आलं, लाल दिवा लागला आणि आपण दिव्यावर चिकटपट्टी मारली. दिवा दिसेनासा झाला, टाकीत थेंबही वाढला नाही.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती माझ्या जास्त उपयोगाची. पोटात गेलेलं निम्मं कॅफिन उतरायलाच साधारण पाच तास लागतात. पहाटे चारला परतीची बाटली प्यायची आणि नऊला घरी येऊन आडवं व्हायचं, तेव्हा निम्मा माल अंगात शिल्लकच. म्हणून दिवसा झोप लागायची नाही. बायको पोरांना गप्प करायची, खिडकीला चादर लावायची, आणि मी छताकडे बघत पडलेला. झोप नाही म्हणून रात्री बाटली, बाटली म्हणून दिवसा झोप नाही. चौदा महिने.

खर्डीची रात्र सांगतो. कसारा घाट उतरलो ते सगळं आठवतं, घाटात माणूस जागाच असतो. पुढे सरळ रस्ता लागला आणि खर्डी कधी गेलं ते मला माहीत नाही. डोळे उघडे होते असं शेजारी बसलेला भाचा सांगतो. डावं चाक साइडपट्टीच्या खडीवर गेलं, त्या खरखराटाने भानावर आलो. पुढे वीसेक फुटांवर टायर बदलायला थांबलेला ट्रेलर. मागे लाइट नाही, नुसती झाडाची फांदी टाकलेली. स्टेअरिंग कसं फिरवलं ते देवालाच ठाऊक. पोटात दोन बाटल्या होत्या.

गाडी बाजूला घेतली. ताडपत्री सुटली होती ती बांधायला भाचा वर चढला. सतरा वर्षांचं पोरगं, माझ्यासोबत यायला लागल्यापासून माझं बघून तोही रोज एक बाटली प्यायचा. मोबाइलच्या उजेडात त्याची बोटं दिसली. दोरीचं टोक कडीतून जाईना, इतकी थरथरत होती. भीतीने असेल म्हणालो. तो म्हणाला, ‘मामा, रोजच होतं.’ ते मला ट्रेलरपेक्षा जास्त लागलं. बहिणीने माझ्या भरवशावर पाठवलं होतं.

बाटली आणि नशेची पुडी एक नाही, हेही नीट लिहायला हवं. आमच्या लाइनीतला एक जण एमडीवर गेला, त्याच्यासोबत मी कित्येकदा जेवलोय. एमडी म्हणजे मेफेड्रोन. मेंदूत डोपामिनचा लोंढा सोडतं, भूक मरते, झोप मरते, छाती धडधडते, अंग तापतं. तो सारखा दात खायचा. तीन रात्री जागा राहिला की मागून कोणी गाडी लावलीय म्हणायचा आणि आरशात बघत बसायचा. उतरलं की दोन-दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडायचा. आधी मोबाइल गेला, मग गाडी. २०१५ पासून एमडी अमली पदार्थांच्या कायद्यात आहे. तरी २०२३च्या ऑक्टोबरात नाशिकजवळच्या आपल्या शिंदे गावात त्याचा कारखाना सापडला, मुंबई पोलिसांनी येऊन छापा टाकला. आपल्या दारात शिजत होतं ते. घरात असं कोणी असेल तर १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत. लाजू नका.

पण त्याने पुडी का घेतली आणि मी बाटली का घेतली, याचं कारण एकच : आम्हाला झोपायला वेळ नव्हता. देवळालीचे आमचे शेजारी तोफखान्यातून निवृत्त झालेत. ते सांगतात, दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिकांना जागं ठेवायला पर्विटिनच्या गोळ्या वाटायचे, आत मेथॅम्फेटामिन, म्हणजे झोप मारणारा अमली पदार्थच. १९४० मध्ये काही महिन्यांत लाखोंनी नाही, कोटींनी वाटल्या. तिथे वरून हुकूम असायचा. आम्हाला दर अर्ध्या तासाने फोन येतो, ‘कुठे पोचला?’ मोटार कामगारांसाठी १९६१चा कायदा होता, दिवसाला आठ तास, २०२५ मध्ये त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली. स्वतःची गाडी असलेल्याचे तास मोजायला कोण येतंय?

आणि मखमलाबाद नाक्यावर शाळेच्या ड्रेसमधली पोरं चिप्ससोबत हीच बाटली पितात. सहावी-सातवीतली असतील. त्यांना कुठला घाट उतरायचाय? दुकानदारभाऊंनो, लेबल तुम्ही तरी वाचा आणि पोरांना देऊ नका. हात जोडून सांगतो.

बाटली सोडल्यावर पहिले चार दिवस डोकं ठणकलं, आठवड्याने थांबलं. दोन महिन्यांनी बीपी १३२/८६ आलं. आता दुपारी एक ते पाच झोपतो, फोन बायकोकडे. घोटीला एक चहा पितो आणि लगेच सीट मागे करतो. चहा चढायला अर्धा तास लागतो, तेवढ्यात वीस मिनिटांची डुलकी होते. ढाबेवाले काका काच वाजवून उठवतात. भाचा आता फक्त यार्डात माल भरू लागतो, रात्री घरी झोपतो.

व्यापाऱ्यांना सांगितलं, माल साडेतीनला येईल. एकाने काम बंद केलं. दुसरा म्हणाला, चालेल, पण मेथीवर पाणी जास्त मार.