दीवान की टिपरे : अख्ख्या घरानं मिळून बघायला कोणती लावावी?

सुट्ट्यांमध्ये पोरं गावाकडं आली की रात्री जेवणं आटोपल्यावर सगळ्यांनी मिळून काय बघायचं, हे ठरवावं लागतं. जुनी कौटुंबिक विनोदी मालिकाच लावायची म्हटलं, तर आमच्या पिढीला दोन नावं हमखास आठवतात : ‘देख भाई देख’ आणि ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’. दारव्ह्याकडच्या आमच्या घरी दोन्ही लावून पाहिल्या.

‘देख भाई देख’मधलं दीवानांचं घर भरलेलं. आजोबा-आजी, दोन मुलं, दोन सुना, नातवंडं आणि वर नोकर करीमा. १९९३ च्या त्या हिंदी मालिकेत एकाच वाड्यात तीन पिढ्या नांदतात, त्यामुळे एकत्र कुटुंबातल्या माणसाला ती लगेच आपली वाटते. आमच्या काकूला तर फरीदा जलाल दिसली की बाकी काही नको असतं. शेखर सुमनचा झपाटा आजही टिकून आहे. पोरांना हीच आवडली, आणि त्यात नवल नाही. एक गोंधळ निस्तरेपर्यंत दुसरा उभा असतो.

टिपऱ्यांच्या घरी पाचच माणसं : आबा, शेखर, श्यामला, शलाका आणि शिऱ्या. दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’ या पुस्तकावरून केदार शिंदेंनी ती २००१ मध्ये पडद्यावर आणली. मुंबईच्या फ्लॅटमधलं, नोकरदारांचं जग आहे. शेत नाही, पेरणी नाही, कापसाच्या भावाची काळजी नाही. सुरुवातीला ती संथही वाटते. आमच्या मोठ्या पुतण्यानं तर पहिल्याच दिवशी मोबाइल काढला होता.

तरी आमच्या घरी टिपरे राहिले, त्याचं कारण कूलर.

मे महिन्यात आमच्याकडे रात्रीसुद्धा पत्र्याचा कूलर लावल्याशिवाय बैठकीत टेकवत नाही, आणि तो लावला की टीव्ही आणि कूलरची झुंज सुरू होते. त्यात आमच्या आबाजींना ऐकायला कमी येतं. ‘देख भाई देख’मध्ये मागून टेपचा हशा वाजतो. एरवी तो कानांना सवयीचा होतो, पण आमच्या बैठकीत त्या हशाखाली पुढचं वाक्य गडप व्हायचं. लिलिपुटच्या लिखाणातली सगळी मजा एकमेकांचा शब्द वरच्या वर झेलण्यात. एक उत्तर हुकलं की पुढचे दोन विनोद गेले. आबाजी विचारत, “काय म्हनला बे तो?” पोरगं सांगेपर्यंत तिकडं पुन्हा हशा. आवाज वाढवला की हशाच मोठा होई, बोलणं तेवढंच राहिलं. मला सगळ्यात लागलं ते हे, की टीव्हीतली माणसं हसताहेत आणि आपल्याला कळलं नाही, हे म्हाताऱ्या माणसाला दर मिनिटाला जाणवत होतं. थोड्या वेळानं ते उठून ओसरीवर जाऊन बसत.

टिपऱ्यांमध्ये कुठं हसायचं ते कोणी सांगत नाही. आबा झालेले प्रभावळकर वाक्य बोलून नुसते बघत राहतात, तेवढ्या वेळात आमच्या आबाजींच्या ओठाची कड हलते. कधी शब्द सुटला तरी श्यामलाच्या म्हणजे शुभांगी गोखलेंच्या चेहऱ्यावरून प्रसंग समजतो. शिवाय शेवटी आबा रोजनिशी लिहायला बसतात, त्यात दिवसभराचं सगळं थोडक्यात येतं. मध्ये कोणी म्हशीला पाणी दाखवायला उठलं असेल, तर त्यालाही धागा सापडतो. ही सोय मला इतर कुठल्या विनोदी मालिकेत मिळाली नाही.

आता, ज्यांच्याकडे एसी आहे, ज्यांची हिंदी चांगली आहे आणि घरात सगळ्यांचे कान शाबूत आहेत, त्यांना दीवानच जास्त भावतील, असं होऊ शकतं. विनोदांचा मारा त्यात नक्कीच जास्त आहे. हिवाळ्यात, कूलर बंद असताना, आम्हीही ती पुन्हा लावू म्हणतो.

पण घरात सत्तरीपुढचं कोणी असेल आणि त्यांना सोबत घेऊनच बघायचं असेल, तर मी टिपरे सुचवेन. फक्त पहिले तीन-चार भाग पोरांना थोडा दम धरायला लावा. शिऱ्याचे उद्योग एकदा सुरू झाले की तीही आपणहून येऊन बसतात; पुतण्या आता आम्ही लावायच्या आधी रिमोट घेऊन तयार असतो.