‘कॉइल गेली भाऊ’: न खोललेल्या इंजिनाचं बिल

बाइकची बॅटरी सारखी उतरत असेल आणि मिस्त्री मल्टिमीटर न लावताच ‘मॅग्नेट कॉइल (इंजिनात वीज तयार करणारी कॉइल) गेली’ म्हणत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. आपल्या नागपुरातल्याच एका गॅरेजमधला अनुभव आहे. नाव लिहीत नाही, पण पद्धत सगळी लिहितो.

सकाळी सेल्फ दाबला की नुसतं कट-कट, आणि रात्री हॉर्न वाजवला की हेडलाइट मंद. गॅरेजवाल्यानं बघताक्षणी सांगितलं, “बॅटरी बसली.” नवी टाकली, 1,450 रुपये. जुनी त्यानं ‘कचराच आहे’ म्हणत ठेवून घेतली. वास्तविक जुन्या बॅटरीतल्या शिशाला भाव असतो आणि बॅटरीचे दुकानदार नवी देताना तो किमतीतून वजा करतात. माझ्या बिलात एक रुपयाही वजा नव्हता.

ती नवीही उतरली. मग म्हणे, “कॉइल जळली, संगं आर.आर. पण गेला. दोन्ही एकदमच बदलावं लागते भाऊ, नाही त नवी कॉइल पुन्हा जळते.” आर.आर. म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायर, कॉइलच्या एसीचं डीसी करून बॅटरीला बेतानं देणारा डबा. यात अर्धं खरं असतं, आणि म्हणूनच पटतं: बिघडलेल्या आर.आर.मुळे कॉइल जळू शकते. कॉइल 1,800, आर.आर. 1,200, ऑइल-पॅकिंग 500, मजुरी 600. एकूण 4,100. साध्या कागदावर लिहिलेलं, शिक्का नाही. जळून काळी पडलेली एक कॉइलही हातात दिली, “ही पाहा तुमची.”

गाडी काही दिवस मस्त चालली. गोम इथंच आहे. त्यानं बॅटरी फक्त चार्जरवर लावून भरून दिली होती. भरलेल्या बॅटरीवर गाडी थोडे दिवस चालतेच. पण 1 एप्रिल 2017 पासून बनलेल्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत बंद होत नाही, त्यामुळे चार्जिंग नसेल तर बॅटरी फार दम धरत नाही. तोवर गिऱ्हाइकाचे पैसे देऊन झालेले असतात.

पुन्हा बंद पडल्यावर मित्रानं कॉटन मार्केटकडच्या एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेलं. चाचांनी आधी मीटर लावला. गाडी बंद असताना बॅटरी 12.1 व्होल्ट. भरलेली असती तर 12.6 च्या वर दाखवली असती. चालू करून रेस दिली, तरी आकडा पुरेसा वर जाईना. तो 13.5 ते 14.5 च्या मध्ये यायला हवा. 15 च्या वर गेला तर आर.आर. जास्त सोडतोय.

मग ते खाली वाकले, मॅग्नेट कव्हरच्या बोल्टांवर बोट फिरवलं आणि हसले. पावसाळ्यातला चिखल बोल्टांच्या खाचांत तसाच वाळलेला. “बेटा, हे कव्हर तर उघडलंच नाही. कॉइल याच्या आत असते.” डिपस्टिक काढली, ऑइल डांबरासारखं काळं. आर.आर.च्या थंड ठेवणाऱ्या पट्ट्यांवर काळा स्प्रे मारला होता, तोही इतका घाईत की बोल्टही रंगलेला. नवा पार्ट बसवला असता तर बोल्टावर रंग कशाला असता?

खरा दोष कॉइलकडून आर.आर.कडे जाणाऱ्या कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या जोडात होता. तीन पिवळ्या वायरी, त्यातल्या एकीची पिन जळून प्लॅस्टिक वितळलेलं. चाचांनी कपलर काढून कॉइल तपासली. कोणत्याही दोन वायरींमध्ये एक ओहमपेक्षा कमी, तिन्ही जोड्यांत सारखं. वायर आणि इंजिनच्या बॉडीमध्ये काहीच जोड नाही, तिथं जोड दाखवला की समजा कॉइल गेली. रेस दिल्यावर तिन्ही जोड्यांत सारखंच एसी, पन्नास व्होल्टच्या वर. म्हणजे कंपनीचीच कॉइल, ठणठणीत. नवा कपलर लावला, मीटर 14.2. घेतले 250 रुपये. तो मीटर बाजारात चारशे-पाचशेत मिळतो.

जाता जाता त्यांनी ‘नवी’ बॅटरीही पाहिली. टर्मिनलवर जुने स्क्रूचे ओरखडे, तारखेचा कोड खरवडलेला. वॉरंटी कार्ड मला मिळालं होतं, पण त्यावर नंबरच लिहिलेला नव्हता.

गॅरेजवर जाऊन विचारलं, “काऊन भाऊ, खोललंच नाही त मजुरी कशाची?” आधी पोऱ्यावर ढकललं, मग तीच काळी कॉइल पुन्हा पुढे केली. ती किती जणांची झाली असेल कोण जाणे! बोल्टांचे आणि रंगवलेल्या आर.आर.चे फोटो दाखवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 चं नाव काढल्यावर कॉइल आणि मजुरीचे पैसे निघाले. आर.आर. आणि ऑइलचे ‘पुढच्या आठवड्यात’. बॅटरीबद्दल मात्र तो म्हणतो, तुम्हीच बदलून आणली. यूपीआयची नोंद आणि खरवडलेल्या कोडचा फोटो जोडून तक्रार टाकली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते. तेवढ्यात बॅटरी बदलायची गरज पडलीच, तर ही जुनी मी कुणाकडे सोडणार नाही, पुरावा आहे.