रात्रीत उभ्या राहिलेल्या शर्टाची नक्कल: मेक्सिको 86 चा निळा 10 नंबर

भाचा मँचेस्टरला असतो. महिन्यापूर्वी त्याने एक पार्सल धाडलं आणि मागोमाग फोन. "आत्या, हात लावून बघ आणि खरं काय ते सांग. 45 पौंड मोजलेत मी. लुटलं तर नाही ना मला?"

आत गडद निळा शर्ट, पाठीवर 10. अर्जेंटिनाच्या मॅराडोनाने फुटबॉल विश्वचषकात 22 जून 1986 ला मेक्सिको सिटीच्या अझ्तेका स्टेडियमवर इंग्लंडविरुद्ध घातला होता त्याची प्रतिकृती. मी 22 वर्षं खेळाचे कपडे शिवते आणि त्यांच्यावर नंबर चिकटवते, म्हणजे भाच्याने विचारलं ते योग्य माणसाला. पण उत्तर फोनवर आटोपण्यासारखं निघालं नाही.

आधी कापड. पॉलिएस्टर, हाताला गार, वजनाला अंदाजे 140 जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला 140 ग्रॅम. उजेडात तिरकं धरलं की उभे पट्टे दिसतात, एक मंद, एक लकाकता. ते विणीतलेच आहेत, वरून छापलेले नाहीत. नखाने खरवडून पाहिलं. आतून ओव्हरलॉक, म्हणजे कडेची शिवण, स्वच्छ, कुठे दोरा लोंबत नाही. चार वेळा धुतला, दोनदा मुद्दाम पांढऱ्या पंचासोबत. पंचा पांढराच राहिला. कापडाला पूर्ण गुण.

कापडावर एवढी अडले, कारण त्या सामन्याच्या आधी अर्जेंटिनाचे प्रशिक्षकही कापडावरच अडले होते. 16 जूनला पुएब्लात उरुग्वेविरुद्ध त्यांच्या संघाने निळा संच घातला होता. सुती आणि जड. ओला झाला की असा शर्ट अंगावर ओझं होऊन बसतो, हे ज्याने पावसाळ्यात सुती सदरा घातलाय त्याला सांगायला नको. पुढचा सामना इंग्लंडशी, उपांत्यपूर्व फेरीचा, आणि तोही ठीक दुपारी 12 वाजता. युरोपातल्या टीव्हीला संध्याकाळ हवी होती, म्हणून खेळाडूंनी भर उन्हात धावायचं. मेक्सिको सिटी सव्वादोन हजार मीटर उंचावर, श्वास आधीच अपुरा. नेहमीचा आकाशी-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट हवेशीर विणीचा होता, पण इंग्लंड पांढऱ्यात उतरणार, म्हणून तो बाद.

कार्लोस बिलार्डो या प्रशिक्षकांनी त्या सुती शर्टांना कात्रीने भोकं पाडून पाहिली असं म्हणतात. लोक हसतात, मला हसू येत नाही. गिऱ्हाईक जेरीला आलं की काय काय करून आणतं ते मी पाहिलंय.

हलके शर्ट कंपनीकडून वेळेत मिळेनात, तेव्हा ताफ्यातल्या रुबेन मोशेला यांना शहरातली दुकानं धुंडाळायला पाठवलं. ते दोन नमुने घेऊन आले. कोणता घ्यायचा यावर खल चालू असताना मॅराडोना तिथून गेला, एकावर बोट ठेवलं, आणि हा छान आहे, यातच इंग्लंडला हरवू, अशा अर्थाचं काहीतरी बोलला. प्रश्न मिटला. त्या नमुन्याचे 38 शर्ट आणले. दुकानातले, म्हणजे छातीवर संघटनेचं चिन्ह नाही, पाठीवर नंबर नाही.

इथून पुढचं काम माझ्या धंद्यातलं. संघ मेक्सिको सिटीतल्या क्लब आमेरिका या फुटबॉल क्लबच्या आवारात मुक्कामाला होता. तिथल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांनी चिन्हं शिवली. नंबर मिळाले ते अमेरिकन फुटबॉलचे, चंदेरी, चकाकणारे. ते इस्त्रीने बसवले. विश्वचषकाचा उपांत्यपूर्व सामना, आणि घाई अगदी गल्लीतल्या स्पर्धेची.

ती घाई मला माहीत आहे. एकदा एका संघाने आदल्या रात्री साडेदहाला शर्टांचं गाठोडं आणलं, समोरच्या संघाचा रंग तोच निघाला म्हणून. हीट प्रेस तापवला, पहाटे दोनपर्यंत नंबर मारले. सकाळी कळलं की 6 उलटा बसलाय आणि मैदानात दोन 9 धावतायत. पंचांनी चिकटपट्टी लावायला लावली. त्या बायकांच्या हातून असं काही झालं नाही याचं मला मनापासून कौतुक आहे.

आता नक्कल काय म्हणते पाहा. नंबर विनाइलचे, म्हणजे प्लास्टिकचे, करडे, मंद, कडा ब्लेडने कापल्यासारख्या सरळ. चार धुण्यांत एक कोपराही उचलला नाही. कारागिरी म्हणून चोख. पण चकाकी नाही! मूळ नंबरांची चकाकी हीच त्यांची ओळख. सरळ नेहमीचं विनाइल वापरलंय, चंदेरी ग्लिटर विनाइल बाजारात सहज मिळत असताना.

दुसरी चूक छातीवर. त्या रात्री शिवलेलं चिन्ह जुन्या पद्धतीचं होतं, भोवतीच्या लॉरेलच्या फांद्या त्यात नव्हत्या. नक्कल करणाऱ्यांनी फांद्यांसकट नीटस, अधिकृत चिन्ह भरतकाम करून लावलंय. टाके दाट, मागे बक्रमचं कडक अस्तरही व्यवस्थित. म्हणजे चिन्ह बरोबर, शर्ट चूक. मूळ फोटो कुणी नीट पाहिला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं.

तिसरी गोष्ट माहितीपत्रकाची. शर्टाच्या घडीत एक गुळगुळीत कागद येतो. त्यावर मॅराडोनाचे दोन गोल, त्यांची मिनिटं आणि वर मोठ्या अक्षरांत 'ऐतिहासिक वैर'. वैर कसलं ते एका शब्दाने नाही. भाच्याने तोच प्रश्न विचारला, "एवढं काय होतं गं यांच्यात?" 45 पौंडांत हे उत्तर यायला हवं होतं.

एक धागा 1966 चा. 23 जुलै, वेम्बली, तीही उपांत्यपूर्व फेरीच. अर्जेंटिनाचा कर्णधार अंतोनिओ रातीन याला जर्मन पंच रुडॉल्फ क्राइटलाइन यांनी 35 व्या मिनिटाला बाहेर काढलं. पंचांना स्पॅनिश येत नव्हतं, रातीन दुभाषा मागत राहिला आणि मैदान सोडायला तयार होईना. शेवटी गेला तो राणीसाठी अंथरलेल्या लाल गालिच्यावर जाऊन बसला. जेफ हर्स्टच्या गोलवर इंग्लंडने 1-0 ने सामना जिंकला. शिट्टी वाजल्यावर इंग्लंडचा जॉर्ज कोहेन प्रतिस्पर्ध्याशी शर्ट बदलत होता, तेव्हा इंग्लंडचे व्यवस्थापक आल्फ रॅम्झी धावत आले आणि त्यांनी तो शर्ट ओढून धरला. त्याचा फोटो आहे. बाही केवढी ताणली गेलीय त्यात! वर रॅम्झी 'जनावरं' असा शब्द बोलले, आणि अर्जेंटिनात तो शब्द कुणी विसरलं नाही.

दुसरा धागा खेळापलीकडचा. 2 एप्रिल 1982 ला अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीने फॉकलंड बेटांवर सैन्य उतरवलं. अर्जेंटिनात त्यांना माल्विनास म्हणतात. 74 दिवसांत अर्जेंटिनाचे 649 आणि ब्रिटनचे 255 सैनिक गेले, बेटांवरच्या तीन बायकाही. अर्जेंटिनाचा ऑस्वाल्डो आर्दिलेस त्या काळात लंडनच्या टॉटनहॅम क्लबचा खेळाडू, आणि त्याचा चुलतभाऊ वैमानिक म्हणून त्याच युद्धात मारला गेला. 13 जूनला बार्सिलोनात अर्जेंटिना विश्वचषकाचा पहिला सामना बेल्जियमशी हरली, 14 जूनला बेटांवर शरणागती. त्या पहिल्या सामन्यात मॅराडोनाही होता. 21 वर्षांचा.

1986 साली दोन्ही देशांत राजनैतिक संबंधही नव्हते. ते 1990 ला पुन्हा जुळले. युद्धानंतर दोन्ही राष्ट्रीय संघ पहिल्यांदाच समोरासमोर येत होते. सामन्याआधी खेळाडू म्हणत राहिले की हा फुटबॉल आहे, राजकारण नको. पुढे मॅराडोनानेच कबूल केलं की मनात युद्ध होतंच.

आणखी एक बारीकसा धागा, माझ्या आवडीचा. मे 1980 मध्ये वेम्बलीवर याच दोन संघांत मैत्रीपूर्ण सामना झाला, इंग्लंड 3-1 ने जिंकली. त्यात मॅराडोना बचाव कापत आत शिरला आणि चेंडू गोलच्या बाजूने बाहेर गेला. सहा वर्षांनी अझ्तेकात 55 व्या मिनिटाला तो तसाच शिरला, या वेळी गोलरक्षक पीटर शिल्टनलाही चकवून पुढे गेला आणि गोल केला. त्याआधी चारच मिनिटं हाताने मारलेला गोल ट्युनिशियाचे पंच अली बिन नासर यांनी दिला होता. इंग्लंडच्या लिनेकरने एक फेडला, अर्जेंटिना 2-1 ने जिंकली. बाकी सगळ्यांना तोंडपाठ आहे.

मूळ शर्ट गेला कुठे? इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजकडे. हाताच्या गोलआधी चेंडू उंच मागे उडवला तो याच हॉजने. सामन्यानंतर मैदानाबाहेर जाणाऱ्या बोगद्यात त्याने मॅराडोनाशी शर्ट बदलला. या वेळी ओढायला रॅम्झी नव्हते. पुढे बरीच वर्षं तो शर्ट इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयात होता. भाच्याने मँचेस्टरला काचेपलीकडून काढलेला फोटो माझ्या फोनमध्ये अजून आहे. मे 2022 मध्ये सदबीजच्या लिलावात तो 71 लाख 42 हजार 500 पौंडांना गेला.

लिलावाआधी मॅराडोनाच्या मुलीने सांगितलं की तो पहिल्या अर्ध्यातला शर्ट आहे, गोल केले तो नव्हे. लिलाववाल्यांनी जुने फोटो काढून चिन्ह, पट्टे आणि नंबर बारकाईने जुळवले आणि दुसऱ्या अर्ध्यातलाच असल्याचं सांगितलं. हे जुळवणं जमलं कशामुळे, ते माझ्यासारखीला लगेच कळतं. हाताने शिवलेलं चिन्ह प्रत्येक शर्टावर केसभर वेगळं बसतं, इस्त्रीने मारलेला नंबर पट्ट्यावर कुठे पडेल याचा नेम नसतो. माझ्याकडून असा माल गेला तर गिऱ्हाईक परत आणून टाकतं. याच मालाची किंमत बघा!

भाच्याच्या शर्टावर हे काही जुळवता येणार नाही. 10 चा मध्य मी टेपने मोजला, दोन्ही बाजूंना मिलिमीटरचाही फरक नाही.

तर पाचपैकी साडेतीन. कापड आणि शिवण यांचे तीन, नंबर चिकटून राहिल्याचा अर्धा. चिन्ह आणि माहितीपत्रकाचा भोपळा. भाच्याला सांगितलं, लुटलं नाही, पण 45 जरा जास्तच. परत करू का विचारत होता, मी नको म्हटलं. चिन्ह उसवून ठेवलंय, फांद्या नसलेलं हाताने करून देते. नंबर मात्र निघणार नाहीत, फार घट्ट बसलेत.

घेणाऱ्यांसाठी एक: माप आखूड आहे, छाती 40 असेल तर 42 चा मागवा. आणि इस्त्री उलट्या बाजूने.