फोरडॉस: काही महिने रोज वापरल्यानंतर

कमांड शेल म्हणजे आपण टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, आणि फोरडॉस हा डॉससाठीचा असाच एक शेल. असा शेल चांगला की वाईट हे पहिल्या दिवशी कळत नाही. वर्ड प्रोसेसरबद्दल तासाभरात मत बनतं. शेलचा उपयोग बोटांना सवय लागल्यावरच कळतो, आणि सवय लागायला आठवडे जातात. म्हणून फोरडॉसबद्दल लिहायला मी मुद्दाम काही महिने थांबलो. घरच्या जुन्या पेंटियमवर एमएस-डॉस ६.२२ आहे आणि आता तिथे डॉसबरोबर येणाऱ्या कमांड.कॉम या शेलच्या जागी हाच शेल कायम चालतो. कामही खरंखुरं आहे. काकांच्या छापखान्यातल्या फ्लॉप्यांवर लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, बिलं, निवडणुकीची पत्रकं असं बरंच काही आहे, ते नीट लावून हार्ड डिस्कवर ठेवायचं आहे.

रेक्स कॉन आणि टॉम रॉसन या दोघांनी अमेरिकेत हा शेल लिहिला. जेपी सॉफ्टवेअर या त्यांच्या कंपनीने तो १९८९ मध्ये बाहेर काढला. त्या वेळचा कमांड.कॉम आठवून बघा. वरचा बाण दाबून मागची कमांड आणायची सोय डॉसकीमुळे आली, ती १९९१ च्या डॉस ५ मध्ये. फाइल हलवायची साधी मूव्ह कमांड १९९३ च्या डॉस ६ मध्ये. कॉपी करताना जुन्या फाइलवर नवी चढत असेल तर विचारण्याचं शहाणपण ६.२ मध्ये सुचलं. फोरडॉस वापरणाऱ्यांना यातलं बरंच काही त्याआधीच मिळालं होतं.

तरीही हा प्रोग्राम दुकानात खोक्यात घालून विकणं अवघडच होतं. डॉसबरोबर एक शेल आपोआप मिळत असताना दुसऱ्यासाठी पैसे कोण मोजेल? शिवाय शेल बदलायचा म्हणजे कॉन्फिग.सिसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना डॉस वाचतो त्या फाइलमध्ये, हात घालायचा. तिथली शेलची ओळ चुकली की मशीन नीट बूट होत नाही. अनोळखी माणसांच्या प्रोग्रामवर एवढा भरवसा आधी पैसे देऊन कोणी टाकत नाही, आणि टाकूही नये. शेअरवेअरची पद्धत इथे अगदी चपखल बसली: प्रोग्राम घ्या, वापरा, मित्राला कॉपी द्या, आणि कामाचा वाटला तर लेखकाला पैसे पाठवून नोंदणी करा.

ही वाट १९८२-८३ च्या सुमारास अँड्र्यू फ्लुगेलमन यांनी पीसी-टॉकने, जिम नॉफ यांनी पीसी-फाइलने आणि बॉब वॉलेस यांनी पीसी-राइटने पाडली होती. वॉलेस यांची युक्ती मला फार आवडते. तुमची कॉपी घेऊन दुसऱ्या कोणी नोंदणी केली तर तुम्हालाच २५ डॉलर कमिशन मिळायचं. म्हणजे कॉपी करणारा चोर नव्हता, तो वितरक होता. १९८७ मध्ये अशा लेखकांची असोसिएशन ऑफ शेअरवेअर प्रोफेशनल्स ही संघटनाही उभी राहिली.

त्या काळी शेअरवेअर पोचायचं ते मोडेमवरून बीबीएसमार्फत (फोन लावून जोडायचं, फाइली ठेवलेलं दुसऱ्याचं कॉम्प्युटर), नाहीतर फ्लॉपीवरून. सेकंदाला २४०० बिटच्या मोडेमवर सेकंदाला जेमतेम २४० बाइट येत. ३०० केबीची झिप, म्हणजे दाबून लहान केलेली फाइल, उतरवायला वीस मिनिटांहून जास्त वेळ लागायचा, फोनचं मीटर चालू असताना. त्यामुळे आकार लहान ठेवणं ही लेखकाची जबाबदारीच होती, आणि ज्या पीकेझिपने हे सगळं दाबून बसवलं जाई तो फिल कॅट्झ यांचा प्रोग्रामही शेअरवेअरच. ज्यांच्याकडे मोडेम नव्हता ते कॅटलॉग पाहून डिस्क मागवत. काही डॉलर पडत, पण ते डिस्क विकणाऱ्याचे, कॉपी करून देण्याचे. लेखकाचा वाटा त्यात सहसा नसे. हे कित्येक गिऱ्हाइकांना कळायचंच नाही, त्यांना वाटे आपण प्रोग्राम विकत घेतला. म्हणून त्या जुन्या झिप उघडल्या की त्यात रीडमी असते, पोस्टाने पाठवायचा नोंदणीचा फॉर्म असतो, डिस्क विकणाऱ्यांसाठी वेगळ्या सूचना असतात आणि बीबीएसच्या यादीसाठी प्रोग्रामची ओळख देणारी फाइल_आयडी.डिझ असते. त्यात जास्तीत जास्त १० ओळी, प्रत्येकी ४५ अक्षरं. एवढ्या जागेत अनोळखी माणसाला सांगायचं की आपला प्रोग्राम का उतरवून घ्यावा. आजच्या कित्येक जाहिरातींपेक्षा ते लेखन मला प्रामाणिक वाटतं.

आपल्याकडे याचं अर्धंच चक्र फिरलं. फ्लॉपीवरून कॉपी पोचत, पण नोंदणीची रक्कम डॉलरमध्ये पाठवणं नव्वदीच्या सुरुवातीला साध्या माणसाला जवळपास अशक्य होतं. परकीय चलनावर निर्बंध होते आणि परदेशात चालणारं कार्ड फारच थोड्यांकडे असायचं. पैसे द्यायची इच्छा असूनही न देता आलेले लोक मी पाहिलेत, आणि त्याची मला अजून हळहळ वाटते.

आता रोजच्या वापरात काय उपयोगी पडलं ते सांगतो. सगळ्यात वर डिस्क्राइब ही कमांड. डॉसमध्ये फाइलचं नाव आठ अक्षरांचं, पुढे तीन अक्षरांचं एक्स्टेन्शन. छापखान्यातल्या नावांवरून आत काय आहे ते कळणं कठीण. फोरडॉसमध्ये प्रत्येक फाइलला वर्णन जोडता येतं आणि फाइलींची यादी दाखवणारी डीआयआर कमांड दिली की ते नावापुढे दिसतं. ही वर्णनं त्याच फोल्डरमधल्या डिस्क्रिप्ट.आयऑन नावाच्या लपलेल्या फाइलमध्ये राहतात. ती साधी टेक्स्ट फाइल आहे: आधी नाव, मग मोकळी जागा, मग वर्णन. कुठल्याही एडिटरमध्ये उघडते. फाइली सांभाळणारे टोटल कमांडरसारखे नंतरचे प्रोग्रामही ती वाचतात, त्यामुळे मी इथे केलेली मेहनत विंडोजवर गेल्यावरही कामाची राहते. मराठी मात्र रोमन अक्षरांत लिहावं लागतं. सी-डॅकचं जिस्ट कार्ड असतं तर डॉसच्या पडद्यावर देवनागरी आली असती, ते माझ्याकडे नाही. ‘जोशी पत्रिका, दुसरं प्रूफ’ असं काहीतरी रोमनमध्ये टाइप करतो आणि भागवतो.

दुसरी आवडती कमांड सिलेक्ट. फ्लॉपीवरच्या सगळ्या टेक्स्ट फाइलींची यादी पडद्यावर येते, हव्या त्यांच्यावर खूण करायची, एंटर दाबला की तेवढ्याच कॉपी होतात. एकसारखी नावं नसलेल्या सात-आठ फाइली उचलताना याला तोड नाही. कमांडची पहिली दोन-तीन अक्षरं लिहून वरचा बाण दाबला की तशाच सुरू होणाऱ्या जुन्या कमांड येतात, ही सवय तर आता सुटणार नाही.

बॅच फाइल म्हणजे एकामागून एक चालवायच्या कमांडची यादी. बीटीएम ही फोरडॉसची स्वतःची बॅच फाइल, आणि तिचा फरक कानाने कळतो. कमांड.कॉम बॅच फाइल चालवताना प्रत्येक ओळीसाठी ती पुन्हा उघडतो. फ्लॉपीवरून चालवली तर ड्राइव्ह ओळीओळीला घरघरतो. बीटीएम एकदाच पूर्ण मेमरीत घेतली जाते, ड्राइव्ह एकदा वाजतो आणि गप्प होतो. त्यात इफ-देन-एल्स आहे, गोसब आहे, फाइलचा आकार-तारीख काढणारी फंक्शन्स आहेत. मेमरीचंही तसंच: शेलचा मोठा भाग एक्सएमएस किंवा ईएमएस या जादा मेमरीत किंवा डिस्कवर ठेवून फोरडॉस डॉसच्या मूळ ६४० केबी मेमरीतली फार थोडी जागा अडवतो. इतक्या सोयी देऊन जागा न खाणं हे कसब आहे, आणि ते कॉन आणि रॉसन या दोघांच्या कामाचं खरं मोठेपण आहे.

त्रासही आहेत. दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने फाइल कॉपी केली तर वर्णन मागेच राहतं. ते सोबत न्यायचं तर फोरडॉसच्याच कॉपी-मूव्ह वापरायला हव्यात. मेमरीत ठाण मांडून बसणारे प्रोग्राम बीटीएममधून चालू करू नयेत, मेमरीत मध्येच भोकं पडतात. त्यासाठी साधी बॅट फाइलच बरी. आणि बाहेरून आलेल्या बॅच फाइलमध्ये कॅरेटचं चिन्ह (^) असेल तर ती ओळ तुटते, कारण फोरडॉस त्याने दोन कमांड वेगळ्या करतो.

१९९१ मध्ये नॉर्टन युटिलिटीज ६ या विकत मिळणाऱ्या प्रोग्रामसंचाबरोबर एनडॉस नावाने हाच शेल खोक्यात घालून दुकानातही गेला. फ्लॉपीवरून हाताहाती फिरून नाव झाल्यावर गेला, हे मला फार योग्य वाटतं.

आता नोंदणीचा प्रश्न उरलेला नाही. जेपी सॉफ्टवेअरने पुढे तो मोफत केला, सोर्सही खुला केला आणि २००९ मध्ये ८.०० आवृत्ती निघाली. मी तीच वापरतो. करून बघायचं असेल तर कॉन्फिग.सिसला लगेच हात लावू नका. कमांड.कॉमच्या प्रॉम्प्टवरूनच, म्हणजे कमांड टाइप करायच्या जागेवरूनच, फोरडॉस चालवा, काम झालं की एक्झिट द्या, मशीन होतं तसं राहतं. असे दोन-तीन आठवडे काढा. साध्या प्रॉम्प्टवर फाइलचं नाव पुरं करून घ्यायला तुमचं बोट आपोआप टॅबकडे जायला लागलं की कॉन्फिग.सिसमधली शेलची ओळ बदला, आणि त्याआधी एक बूट फ्लॉपी करून बाजूला ठेवा.